जहाजावरून उतरलेला लाल झेंडा

माझा लाल रंग पाहून भलताच अर्थ काढू नका. कोपऱ्यातला छोटा तिरंगा पाहा. भारतात नोंदलेल्या व्यापारी जहाजाच्या मागच्या काठीवर फडकतो, तो झेंडा मी. हल्ली माझा मुक्काम नंदुरबार जिल्ह्यातल्या विसरवाडीजवळच्या एका घरात, पत्र्याच्या पेटीत, घरधनीण सोमीबाईंच्या ठेवणीतल्या लुगड्याखाली असतो.

मुंबईत एका शिंप्याने मला शिवलं आणि मी कोळसा वाहणाऱ्या जहाजावर चढलो. समुद्रावरची रीत अशी, की ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा. माझ्याखाली कप्तान भारतीय, खलाशीही भारतीय. अधिकारी किती हवेत, कोणत्या परीक्षा झालेले हवेत, तेही ठरलेलं. एक जरी कमी पडला तरी जहाज बंदर सोडत नसे.

त्या माणसांत दोघे नंदुरबार जिल्ह्यातले निघाले. नवनीत कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी. त्याचे वडील पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात नोकरीला. दानियल नवापूरकडच्या डोंगरातला, खलाशांचा सारंग, म्हणजे मुकादम. घरची बोली दोघांची वेगळी, पण जहाजावर त्यांचं जमे ते अहिराणीत.

सूर्य बुडताना दानियल मला उतरवायला येई. तेव्हा नवनीत हमखास तिथे येऊन उभा राही.

"भाऊ, जेवनात का?"

"अजून नही, साहेब. तुम्ही?"

बोलणं एवढंच, पण दोघांचे चेहरे उजळत.

मग एका परक्या बंदरात बातमी आली, की जहाज विकलं. नवा मालक त्याची नोंदणी दुसऱ्या देशात करणार होता. तिथल्या नियमात खलाशी कुठल्याही देशाचे चालत. त्याने स्वस्तातले आणले आणि दानियलसह जुन्या खलाशांना घरी धाडायचं ठरवलं. अधिकाऱ्यांना मात्र आपल्या परवान्यावर त्या देशाची मान्यता मिळवून राहता येत होतं. नवनीतला तर सांगितलंच, की राहिलास तर पुढच्या फेरीला कप्तान.

"मी बी उतरस, भाऊ," नवनीत म्हणाला.

"नका उतरू, साहेब. कप्तान होवासाठेच एवढं शिकनात ना तुम्ही?"

त्या दिवशी दानियलने मला उतरवलं ते शेवटचं. माझी घडी त्याने नवनीतसमोर धरली. नवनीतने ती घेतली, छातीशी धरली आणि दानियलच्याच पिशवीत ठेवली. माझ्या जागी दुसरं कापड चढलं. बोटीच्या कडेला उतरणाऱ्या शिडीवर दानियलने एकदाही मागे पाहिलं नाही.

गावी आल्यावर तो भातशेतीला लागला. पावसाळा सरला की मला ओट्यावर ऊन दाखवी. शेजारचे विचारत, हा कुठल्या पक्षाचा? तो हसून समुद्राच्या गोष्टी सुरू करी. भात निवडता निवडता त्याची बायको सोमीबाईही ऐकत, पाठ असलेल्या गोष्टीसुद्धा.

बरीच वर्षं गेली. यंदा होळीच्या आधी दारात गाडी थांबली. केस पांढरे झालेला नवनीत उतरला. सोमीबाईंनी नागलीची भाकर वाढली. अर्धी खाऊन तो थांबला.

"कप्तान तं व्हयनू, भाऊ. जहाजवर पाच देशना लोके. पन सांजले मन्हासंगे बोलाले कोनीच नही."

मग त्याने मनातलं सांगितलं. ती नोकरी सोडून त्याने भारतात नोंदलेलं एक लहान जहाज धरलं होतं. पगार कमी, पण माणसं आपली.

"सारंगनी जागा खाली शे. चाला ना, भाऊ."

दानियलने ताट बाजूला सारलं.

"मन्हा डोया गयात, साहेब. डागदर आते पास करत नही."

दानियल चाचपडत उठला, पेटीतून मला काढून त्याने नवनीतच्या मांडीवर ठेवलं. "हाऊ तरी लई जा."

"तठे नवा शे, भाऊ. हाऊ आठेच ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर दोघे बंदरांची नावं आठवत बसले. एकाला सुचेना तेव्हा दुसरा पुरवी. ऊन उतरलं तसा नवनीत निघाला.

माझं मागणं एवढंच आहे, की या घरी कुणी आलात तर मला उलगडा आणि वेगळी घडी घाला. त्याच त्या रेषेवर दुमडून माझं कापड विरत चाललंय. दानियलला ते दिसत नाही, पण बोटांना कळतं. परवा त्याने त्या विरलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला, आणि पेटीचं झाकण उघडंच ठेवून तो अंगणात जाऊन बसला.