कड्यावरची ड्यूटी

"पोहता येतं ना?" फोनवरच्या मॅडमनी विचारलं.

"येतं," उत्पला म्हणाली.

ती चाकूरच्या रेशन दुकानाच्या गच्चीवर उभी होती. घरात रेंज येत नसे. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी येत होतं आणि त्यांच्या गल्लीत आठवड्याला एक टँकर. पोहण्याइतकं पाणी तिने विहिरीत दोनच पावसाळे पाहिलं होतं, तेही काठावरून. पण प्राणिशास्त्राची पदवी घेऊन वर्ष उलटलं होतं. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर डॉल्फिनचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेला आठ आठवड्यांसाठी चार नवे पदवीधर हवे होते. राहणं-जेवण त्यांचं, शेवटी प्रमाणपत्र. तिने तिसऱ्यांदा अर्ज केला होता, आणि या वेळी निवड झाली.

वडील निवृत्ती सोनकांबळे पंचायत समितीत शिपाई होते. त्यांना हे मुळीच पटलं नाही.

"उदगीर जिल्हा होनार म्हनायलेत. नवा जिल्हा म्हनल्यावर नवी हापिसं, नव्या जागा. तलाठ्याच्या क्लासला बस. मासे मोजून काय व्हनार?"

"मासे न्हाईत ते, बाबा. लेकराला दूध पाजतेत. श्वास घ्यायला वर येतेत."

"मग येऊ दे की. तू कशाला बघायला पायजे?"

आई सरजाबाई भाकरी थापत होती. ती वर न बघता म्हणाली, "जाऊ द्या. हितं तरी काय करायलीय? घागर घिऊन लायनीत उभी ऱ्हायलीय."

ती गेली. पहिल्याच सकाळी फोनवर बोललेल्या तांडेल मॅडमनी चौघांना लाइफ जॅकेट दिली आणि होडीतून किनाऱ्यापर्यंत पोहून दाखवायला सांगितलं. उत्पला सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिघांचं झालं.

"मॅडम, मी खोटं बोलले. मला पोहता येत नाही."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं जॅकेट परत घेतलं. "होडीत नेता येणार नाही. तू कड्यावर थांब. जमिनीवरून मोजणी लागतेच."

कड्यावरची ड्यूटी म्हणजे दर दहा मिनिटांनी दुर्बिणीतून समुद्र डावीकडून उजवीकडे बघायचा आणि तक्त्यात नोंद करायची. तिचे तक्ते बहुतेक 'आढळ नाही' अशा शब्दांनीच भरत. होडीतले तिघे दुपारी खारट तोंडाने हसत परत येत. आज सहा दिसले, पिल्लू होतं, असं सांगत. उत्पला ऐकायची आणि उठून जायची. तिला एका जागी बसवत नसे. दोन नोंदींच्या मधे ती कड्यावर येरझाऱ्या घालायची. गवतात तिच्या पायांची वाट पडली. तिकडे आई घागर घेऊन उभी असेल, आणि आपण इथे रिकाम्या पाण्याकडे बघतोय. वडिलांचा फोन यायचा, क्लास सुरू झाला म्हणून. दोनदा तिने पिशवी भरली, दोनदा रिकामी केली.

पाचव्या आठवड्यात, ओहोटीच्या वेळी, खालच्या वाळूत तिला काहीतरी करडं हललेलं दिसलं. ती धावत खाली उतरली. डॉल्फिन होता, तिच्याहून लांब, अंगावर जाळ्याचे जुने वण. डोक्यावरचं श्वासाचं छिद्र उघडत होतं, मिटत होतं.

तिने मॅडमना फोन लावला. होडी लांब होती, यायला दोन तास लागणार होते.

"ओढू नकोस," मॅडम म्हणाल्या. "अंग ओलं ठेव. छिद्रात पाणी जाऊ देऊ नकोस. भरती येईपर्यंत टिकला तर आपण सोडू त्याला. वनखात्याला मी कळवते."

मासळी वाळवणाऱ्या बायका गोळा झाल्या. जानकीकाकी नावाच्या म्हातारीने वाकून पाहिलं. "जित्तो आसा गो. जीव आसा आजून."

जी ती आपापली बादली घेऊन पाण्याकडे पळू लागली. निम्मं पाणी वाटेतच सांडत होतं. उत्पला थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "असं नको, मावशी. रांग करा. भरलेली बादली पुढं, रिकामी मागं. कुणी जागचं हलायचं नाही."

बायका रांगेत उभ्या राहिल्या. जुनी लुगडी भिजवून त्यांनी त्याच्या पाठीवर पसरली. उत्पला डोक्यापाशी बसली. छिद्राभोवती तळहाताचा आडोसा धरून दुसऱ्या हाताने पाणी सोडत राहिली. दोन तास झाले. आधी ती श्वास मोजत होती, मग दोन श्वासांतलं अंतर वाढत गेलं. भरतीचं पहिलं पाणी त्याच्या शेपटीला लागलं आणि छिद्र मिटलं ते मिटलंच. तरी ती पाणी घालतच होती.

"पुरे गो आता," जानकीकाकीने तिच्या हातातली बादली काढून घेतली. "गेलो तो."

बायका आपापल्या कामाला गेल्या. होडी लागली. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, मग मोजायची टेप आणायला गेल्या. तेवढ्यात आईचा फोन आला.

"काय करायलीस?"

उत्पलाला खोटं सुचेना. तिने सांगितलं.

आईने विचारलं, "दोन तास पानी घातलं?"

"हाव."

"किती?"

"मोजलं न्हाई, आई."

"वाचला का?"

"न्हाई."

उत्पला त्याच्या डोक्यापाशी पुन्हा खाली बसली.

"आगं, जाताना मानसाच्या तोंडात घालतेतच की पानी," सरजाबाई म्हणाली. "बरं केलंस. जेवलीस का?"

वनखात्याचा माणूस दुपारी आला. तोवर कुत्री जमली होती. उत्पलाने त्यांना खडे मारून लांब ठेवलं होतं. मॅडम लांबी-रुंदी सांगत होत्या आणि ती लिहून घेत होती. त्या माणसाने पंचनाम्याचा कागद मांडीवर घेतला.

"पहिल्यांदा कुणी पाहिला?"

"मी. उत्पला निवृत्ती सोनकांबळे. मुक्काम पोस्ट चाकूर."

"चाकूर? हे किनाऱ्यावर कुठे आलं?"

"किनाऱ्यावर नाही."

त्याने पेन उचललं आणि तिच्याकडे पाहिलं. तिने गावाचं नाव पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, आणि तो नीट लिहितो आहे का ते वाकून बघत उभी राहिली.