डावीकडे कललेला ढीग

चिंचोका चिठ्ठीवरून घरंगळला आणि शेषराव गुरुजींनी तो पुन्हा सहाच्या आकड्यावर ठेवला. चाळीस पोरं, चाळीस चिठ्ठ्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक चिंचोका — किन्हीराजाच्या शाळेची फरशी रविवारी दुपारी अशी भरून गेली होती. आपल्या आणि शेजारच्या वर्गाला तीस शब्द वाचून दाखवायचे, कुणाला किती आठवतात ते चिठ्ठीवर लिहून आकड्याप्रमाणे मांडायचं, एम.एड.च्या प्रबंधाला एवढंच हवं होतं. पुस्तकातल्या आलेखासारखी मधे फुगलेली घंटा यायला हवी होती... त्यांच्या वर्गाचा ढीग मात्र डावीकडे, पाच-सहावर साचलेला, आणि पार उजव्या टोकाला दोनच चिठ्ठ्या — अठ्ठावीस, एकोणतीस. शिष्यवृत्तीला बसवलेली दोन पोरं.

त्या दोघांच्या जिवावर वर्गाची सरासरी सव्वाआठ. शेजारच्या अन्सार मास्तरच्या वर्गाची आठ. पाव शब्दाची सरशी! पण अमरावतीच्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं — ढीग असा कलला असेल तर सरासरी फसवते. आकडे क्रमानं लावा, मधला बघा. मधला... आपल्या वर्गाचा सहा, अन्सारचा आठ. ज्याच्या वर्गातून दिवसभर हसणं ऐकू येतं, मधल्या सुट्टीत माझीच पोरं ज्याच्या सायकलीला लोंबकळतात — त्याला हेही मीच लिहून द्यायचं?

"गुरुजी, सुट्टीच्या दिवशी चिंचोके कायले मांडून राह्यले?" दारात अन्सारच. "कोन जितलं?"

"ठरलं नाई अजून."

अन्सार उकिडवा बसून चिठ्ठ्यांवरची नावं वाचू लागला. एका चिठ्ठीशी थांबला.

"लखमाले चारच? तिची चाचणी पुन्हा घ्या, गुरुजी. एका कानानं आयकू येत नाई तिले."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले लागते? हाक मारली का मान कशी वळवते, पाहा ना. तुमच्याच वर्गात हाय, न् मले इचारता!" हसत तो उठला, सायकलीची घंटी वाजवत गेला.

वर्षभर हजेरीत तिचं नाव रोज घेतलं... 'हजर' उशिरा म्हणते म्हणून दोनदा उभीही केली. अन्सारचा राग यावा म्हणून गुरुजी थांबून राहिले; राग आला, पण नेहमीसारखा टिकेना. सहावरच्या चिठ्ठ्या ते एकेक वाचू लागले — नावं ओळखीची, चेहरे मात्र अर्धेमुर्धे... ही ढिगातली सगळी माझी. आणि त्याला ती माहीत. लखमाचा कोणता कान? डावा... की उजवा? उद्या हे त्यालाच विचारावं लागणार, आणि विचारायला आपण जाऊ की नाही, ते त्यांना स्वतःलाच सांगता येईना.