मुदत उलटल्यावर

बैठकीत विभागप्रमुखांनी फळ्यावर ठळक ‘एक’ काढला आणि खडू तिच्याच दिशेने रोखला.

“पहिली मागणी आपल्या मॅडमची. मुदत उलटली तरी एखाद्या विद्यार्थ्यापुरतं कॉलेजचं पोर्टल उघडता आलं पाहिजे. पोर्टलवाल्या कंपनीला आजच कळवतो. अहो, पोरीचं वर्ष जायची वेळ आलीय आणि आपण हातावर हात ठेवून बसलोय!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. पोर्टलवर राग काढायला प्रत्येकालाच निमित्त हवं होतं.

“मला तर गुण भरता भरता बाहेर फेकतं.”

“आणि शनिवार-रविवार सुट्टीवर असतं. आपल्याला मिळत नाही, त्याला बरी मिळते!”

हशा पिकला. ती हसली नाही. तिने मागणी अशी केलीच नव्हती. तिने फक्त एक वाक्य लिहिलं होतं, तेही अंगठ्याने.

मागच्या आठवड्यातली संध्याकाळ. दिवसभर तापाने किरकिरलेली लेक नुकती कुठे तिच्या खांद्यावर झोपली होती. तेवढ्यात वर्गातल्या त्या मुलीचा निरोप आला: मॅडम, वडिलांना अ‍ॅडमिट केलंय, प्रकल्प भरायला थोडा उशीर झाला, पोर्टल घेत नाहीये. लॅपटॉप आतल्या खोलीत होता. उठलं असतं तर खांद्यावरचा तो ऊबदार श्वास पुन्हा रडायला लागला असता. ‘सिस्टीमच बंद होते गं, माझ्या हातात काही नाही,’ असं लिहून तिने फोन पालथा ठेवला. उद्या बघू. पण दुसऱ्या दिवशी ती पोचायच्या आत मुलगी प्रमुखांना भेटून गेली होती, आणि प्रमुखांनी मॅडमचं ते वाक्य जसंच्या तसं उचलून धरलं होतं. आता पोर्टलवर मुलीच्या नावापुढे मुदतवाढीची खूण करायची म्हणजे आपणच खोटं ठरायचं. रोज एक दिवस तसाच गेला.

समोर बसलेल्या मैत्रिणीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नजर वहीत घातली. ती खूण कशी करायची हे तिनेच मैत्रिणीला शिकवलं होतं, जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता.

“सर,” ती म्हणाली. “ती सोय आहे.”

खडू थांबला. “आहे? कुठे?”

“विद्यार्थ्याच्या नावापुढे. खूण केली की त्याच्यापुरतं उघडतं.”

“मग तुम्ही तर म्हणाला होतात—”

“नवीन आली असेल, सर,” मैत्रीण घाईने बोलली. “हे लोक न सांगता काहीही बदलतात. मलाही परवाच दिसली.”

“बघा! सांगायची पद्धतच नाही!” प्रमुखांनी खूश होऊन ‘एक’ पुसला. “मॅडमनी शोधून काढलं म्हणून कळलं तरी.”

टेबलाखाली मैत्रिणीने तिचा पाय दाबला. ती लॅपटॉप उचलून बाहेर आली.

मुलगी दाराशीच उभी होती. प्रमुखांनीच बोलावलं होतं तिला. तिने मुलीसमोरच लॅपटॉप उघडला, नाव शोधलं, खूण केली.

“उघडलंय बघ.”

मुलीचा चेहरा फुलला. “थँक यू, मॅडम! सर म्हणाले, तुम्ही माझ्यासाठी भांडताय. वर्गातली मुलं तुम्हाला नावं ठेवत होती. मी म्हटलं, गप्प बसा रे, मॅडमच्या हातात असतं तर त्यांनी लगेच केलं असतं.”

बैठक सुटली. “चल गं, चहा घेऊ,” मैत्रिणीने मागून हाक मारली. ती जागची हलली नाही.

“वडील कसे आहेत?”

“घरी आणलंय. थोडं थोडं चालतात.”

“बरं.” तिने लॅपटॉप मिटला. “त्या दिवशीही होतं माझ्या हातात. लेक—” पुढचं तिने गिळलं. “मी केलं नाही.”

मुलीने पाठीवरच्या सॅकचा पट्टा वर ओढला. बाजूने जाणाऱ्या माणसांना वाट दिली.

“कधीपर्यंत उघडं आहे?”

“तू भरेपर्यंत.”

मुलीने मान हलवली. मग तिथेच भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला.

“आत्ताच भरते,” पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. “तुम्ही थांबा. पोचला का ते बघून मला सांगा.”

ती थांबली.