नानांचं वाक्य

“तुम्ही नुसते शेजारी उभे राहा, नाना. भाषण मी वाचून दाखवतो. तुम्हाला उगाच त्रास कशाला?” असं म्हणत साहेबांनी नानांच्या हातातला कागद अलगद काढून घेतला.

साहेब मनाने वाईट नव्हते. तसं वाईट कुणीच नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या त्या कार्यालयात नानांनी एकतीस वर्षं नकाशे सांभाळले. कुठल्या रस्त्याखालून कुठली पाइपलाइन जाते हे त्यांना तोंडपाठ होतं. तोंडातून बाहेर यायलाच काय तो वेळ लागायचा. बढतीचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर मिळे, “काम चोख आहे हो, पण त्या खुर्चीत लोकांशी बोलावं लागतं.” टेबलावरचा फोन वाजला की दुसरंच कुणी धावत येऊन उचलायचं. नाना अडखळले की समोरचा घाईघाईने त्यांचं वाक्य पुरं करून टाकायचा. बरेचदा चुकीचं. नाना मान डोलावून मोकळे व्हायचे.

आज निरोप समारंभात मात्र त्यांनी मान आडवी हलवली. कागद परत घेतला, घडी करून खिशात टाकला आणि माइकसमोर जाऊन उभे राहिले. तिसऱ्या रांगेतली त्यांची मुलगी खुर्चीत ताठ झाली.

“मा... माझ्या बा... बायकोनं...”

“हो ना, गेल्या वर्षीच गेल्या वहिनी,” साहेब हळहळले. “आज त्या हव्या होत्या!”

“न... नाही. म... मला ते न... नाही म्हणायचं.”

मागे कुणीतरी खुसखुसलं. नानांचे कान तापले, जबडा घट्ट अडकला. तो सुटायची वाट बघत ते उभे राहिले. मुलीच्या ओठांवर पुढचे शब्द आले होते. घरी ती बोलूनच टाकायची, मायेने. तिने तोंडावर हात दाबून धरला.

“माझ्या बायकोनं ए... एकदाही माझं व... वाक्य पुरं केलं नाही. ती थां... थां...”

साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कुणी हललं नाही.

“...थांबायची.”

नाना जागेवर जाऊन बसले. टाळ्या जरा उशिरानेच सुरू झाल्या.

घरी जाताना बापलेक बसथांब्यावर उभे होते. मुलगी म्हणाली, “बाबा, मीसुद्धा घरी तुमचं...”

तिला पुढे बोलवेना. नानांना कळलं होतं तिला काय म्हणायचंय ते. ते बोलले नाहीत.

बस आली, दार उघडलं, बंद झालं, बस निघून गेली. नाना मुलीकडे बघत तसेच उभे राहिले.