हार घातलेलं चित्र

संदेशला भरवताना आई दोन बोटं त्याच्या हनुवटीखाली धरते. घास गिळला गेला की बोटांना कळतं, मगच दुसरा घास. माझा भाऊ एकवीस वर्षांचा आहे, जन्मापासून असाच. गिळताना नेमका कोणता स्नायू हलतो, ते पाहायला म्हणून मी कोळशाच्या कांडीने त्याच्या गळ्याचं चित्र काढायला लागले आणि मग त्या दोघांना काढतच राहिले.

बारामतीतल्या एका संस्थेने त्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. आई यायला तयार नव्हती. अंथुर्णे गावातल्या एका लग्नात शेजारची बाई संदेशला बघून पंगतीतून उठली, तेव्हापासून आई त्याला चारचौघांत नेत नाही.

"तितं समदे त्याला वळखतील, आई," मी म्हणाले.

मग तिने कपाटातून त्याचा नवा शर्ट काढला.

हॉल वरच्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद. त्याची चाकाची खुर्ची खालीच ठेवली. आईने त्याला काखेतून धरलं, मी पाय धरले. जिन्यातली माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती.

आम्ही दारात पोचलो तोवर कार्यक्रम सुरू झाला होता. मंचावर समईशेजारी संदेशचं सगळ्यांत मोठं चित्र ठेवलेलं, घास गिळून त्याने डोळे मिटलेत असं. आपल्याकडे कुठलाही कार्यक्रम प्रतिमेला हार घालून सुरू होतो. पाहुण्यांनी चित्राला हार घातला, कुंकू लावलं. ते मिटलेले डोळे आणि तो हार बघून तो आता हयात नाही अशी निवेदकांची समजूत झाली असावी. या लेकराला श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू, असं ते म्हणाले. सगळे उठले.

एवढी माणसं एकदम उभी राहिलेली पाहून संदेश खूश झाला. मोठ्याने हसायला लागला. मागच्या रांगेतल्या एक बाई वळल्या, ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला बाहेर न्यायला खुणावलं.

मी तोंड उघडलं. आईने मान हलवली.

"बोलू नको," ती हळूच म्हणाली. "आता समदी वळून त्याच्याकडं बघतील. मला न्हाय सोसायचं."

तिचे दोन्ही हात अडकलेले होते. माझेही.

आम्ही तसंच त्याला घेऊन जिना उतरायला लागलो. तो हसतच होता. वर सगळे अजून उभे होते.