उतारावरचं लव्हाळं

गावच्या तळ्यात बैल उतरायला एकच उतार. बाकीचा काठ एक तर दगडांचा, नाही तर मांडीभर गाळाचा. आणि नेमके त्याच उतारावर रुपालीने मे महिन्यात लव्हाळ्याचे ठोंब लावले. पाणपाखरांना अंडी घालायला आडोसा हवा म्हणून तिच्या बचत गटाला ते काम मिळालं होतं. कुठे लावू, असं तिने सरपंचांपासून गुराख्यापर्यंत सगळ्यांना विचारलं. लाव तुला वाटेल तिथे, असं सगळ्यांनी मोठ्या मनाने सांगितलं. भर उन्हाळ्यात पोळा कोणाला आठवतो? तिलाही आठवला नाही.

आता आठवला होता. उद्या पोळा, आज खांदशेकणी. बैल तळ्यावर धुवायचे आणि घरी नेऊन त्यांचे खांदे शेकायचे. इकडे कमरेएवढ्या लव्हाळ्यात हळदी-कुंकू बदकाची मादी नऊ अंड्यांवर बसलेली. हे एकट्या रुपालीला ठाऊक होतं. जुलैत पलीकडच्या काठावर पहिलं घरटं दिसलं तेव्हा तिने कौतुकाने चारचौघींना सांगितलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत तिथे एक अंडं उरलं नव्हतं. कोणी नेली ते कळलं नाही, पण बोललं कोण ते तिला पक्कं माहीत होतं. म्हणून या वेळी तिने तोंडाला कुलूप लावलं. सांगावं तर अंडी जाणार, न सांगावं तर बैल तुडवणार. आठ दिवस ती याच पेचात होती.

त्यातून मानाची जोडी तिच्या सासऱ्यांची, म्हणजे नानाजींची. त्यांचे बैल आधी उतरणार, मग गावाचे. घुंगरं वाजवत जोडी आली, मागे सगळं गाव, तेव्हा रुपाली लव्हाळ्यासमोर आडवी उभी होती.

"काऊन मधात उभी राह्यली?" नानाजींनी विचारलं.

सुचलं ते ती बोलून गेली. "मामाजी, इकडून नका उतरवू. गवतात नाग हाये."

तिला वाटलं, सुटले. नागाचं नाव काढल्यावर कोण पुढे येईल? पण शेजारचा श्रावण काठी घेऊन आलाच, आणि त्याच्यामागे आणखी सात-आठ जण.

"मारत नाई, हाकलून देतो," श्रावण म्हणाला. "बैलाले चावला तं पोळा कायचा?" आणि त्याने कडेने लव्हाळं झोडपायला सुरुवात केली.

रुपालीने आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. बैल निदान सरळ पाण्यात गेले असते. ही माणसं तर काडी न काडी धुंडाळणार होती.

"साप नाई तिथं," ती म्हणाली. "मी खोटं बोलली. बदक बसून राह्यलं अंड्यावर."

काठ्या थांबल्या. सगळं गाव लव्हाळ्याकडे पाहू लागलं. आठ दिवस ती याच नजरांना भीत होती.

नानाजींचा चेहरा उतरला. मानाची जोडी कोरडी माघारी न्यायची, तीही सुनेच्या खोट्यापायी.

"घरात तरी सांगाचं होतं," ते हळू आवाजात म्हणाले.

"सांगतलं असतं तं राह्यले असते का अंडे, मामाजी?"

त्यांनी कासरा ओढला आणि बैल हापशीकडे वळवले. मानाची जोडी गेली तिकडे गावाला जावंच लागलं. श्रावण पुटपुटत गेला. जाताना नानाजी एवढंच म्हणाले, "पुरणाची डाळ भिजवाची हाये. लवकर येजो."

रुपालीला जाता येत नव्हतं. आता घरटं साऱ्या गावाला माहीत होतं. ती तिथेच दगडावर बसली.

काठ्या चालल्या होत्या तेव्हा पंखांची फडफड झाली होती. तिने ती स्पष्ट ऐकली होती. मादी परत येऊन बसली की नाही, हे बघायचं तर लव्हाळं बाजूला सारावं लागलं असतं. बसली असेल तर ती त्यानेच उडाली असती. दुपारचं ऊन चढत होतं आणि रुपाली दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली.