उशीत शिवलेला पासपोर्ट

मित्रांनो, माझा एक कोपरा कापलेला आहे आणि अंगावर 'रद्द' असा ठसठशीत शिक्का आहे. तरी मला रद्दी समजू नका. मी एक जुना पासपोर्ट आहे. नऊ वर्षं मी एका वेल्डरचा सोबती होतो.

पोस्टमनने मला आणून दिलं, तेव्हा वेल्डरने आधी हात धुतले, पुसले, मग उगाच पुन्हा विजारीला पुसले आणि मगच मला उघडलं.

"फोटोत अगदी चोरासारखा दिसतोय मी," तो म्हणाला.

"आहात तसेच आलात," बायको म्हणाली, आणि दोघं खूप हसली. त्यांची लहानगी मुलगी माझा वास घेऊन पळाली.

पंधराच दिवसांत मी आणि वेल्डर दूरदेशी गेलो. त्याला गोदीत जहाजांचे पत्रे सांधायचं काम होतं. विमानतळावरच्या खिडकीत माझ्यावर शिक्का बसला, तो मला शाबासकीसारखाच वाटला. पुढे दर दोन वर्षांनी तो मला घेऊन घरी यायचा. ते दिवस मोठ्या मानाचे होते.

मग तिकडे त्याच्या खोलीत राहणाऱ्या एका कामगाराचे कागद हरवले. वेल्डरने धसकाच घेतला. त्याने उशीची शिवण उसवली, मला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कापसात खुपसलं आणि शिवण पुन्हा घातली. या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. त्यानंतर कधी कामाची घाई, कधी आजारपण, सुट्टी लांबतच गेली. चार वर्षं मला कुणी उघडलं नाही. वाईट वाटायचं, पण त्याच्या डोक्याखाली होतो, एवढं समाधान होतं.

एके सकाळी तो कामावर गेला तो परत आलाच नाही. छातीत कळ आली म्हणून खाली बसला, आणि दवाखाना गाठायच्या आतच सगळं संपलं. गोदीच्या भोजनगृहातला स्वयंपाकी त्याच खोलीत राहायचा, त्याचा जिवाभावाचा मित्र. तो कॉटवर बसून रडला. मी कापसात मुकाट होतो.

पुढचे दिवस कठीण गेले. दवाखान्याने कामाच्या बिल्ल्यावरून नाव उतरवलं होतं. नाव-आडनाव उलटसुलट, जन्मसालही चुकलेलं. आपल्या देशाच्या वकिलातीच्या नोंदीत असा माणूस सापडेना. गोदीच्या फायलीतली माझी झेरॉक्स इतकी काळी होती की नंबर वाचता येईना. आणि वकिलातीत मृत्यूची नोंद झाल्याशिवाय त्याला मायदेशी नेता येत नव्हतं. स्वयंपाक्याने पेटी उपसली, कपाट उपसलं. उशीकडे मात्र त्याचं लक्ष गेलं नाही. आठव्या दिवशी सफाईवाल्याने अंथरूण गुंडाळलं आणि खाली कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर नेऊन टाकलं. त्यात मीही गेलो.

त्याच दुपारी वर खोलीत काय बोलणं झालं, ते मला नंतर स्वयंपाक्याच्याच तोंडून कळलं. गोदीतला मुकादम म्हणाला होता, "आता इथेच अंत्यविधी उरकू. किती दिवस त्याला शवागारात ठेवायचं?" माणूस वाईट नव्हता, थकला होता. स्वयंपाक्याने जड मनाने वेल्डरच्या बायकोला फोन लावला.

"नाही भाऊजी," ती म्हणाली. "पोरीने चार वर्षांत बापाला डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्यांना घरी आणायचंय."

"वहिनी, मलाही तेच हवंय. पण पासपोर्टच सापडत नाही हो."

तिने विचारलं, "उशी बघितलीत?"

"उशी?"

"घराचे कागद ते आमच्या उशीत शिवून ठेवायचे. माझी मान आखडायची, तरी ऐकायचे नाहीत."

कॉट रिकामी दिसताच स्वयंपाकी फोन हातात धरूनच जिना उतरून कचऱ्याच्या ढिगाऱ्याकडे धावला. शिवण टरकन फाटली, आणि कांद्याचा वास असलेले त्याचे हात माझ्यापर्यंत पोहोचले. "सापडला! वहिनी, सापडला!" तो ओरडला. फोनवर हुंदका ऐकू आला, पण तो निराळा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही वकिलातीत गेलो. नोंदणीच्या टेबलावरच्या बाई चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "हं, हा हवा होता मला!" त्यांनी मला आणि दवाखान्याचा कागद शेजारी-शेजारी ठेवलं, चुकांवर लाल पेनाने खुणा केल्या आणि स्वतः दवाखान्याला फोन फिरवला. पाच दिवसांत दुरुस्त केलेला मृत्युदाखला, पोलिसांचा ना हरकत दाखला आणि बायकोचं संमतीपत्र, सगळं त्यांच्या टेबलावर जमलं. मग वहीत वेल्डरचं नाव लिहिलं गेलं, अचूक, एकही अक्षर न गाळता. बाईंनी माझ्यातला फोटो क्षणभर पाहिला, कात्रीने माझा कोपरा कापला आणि शिक्का मारला. मला वाटलं, संपलो!

"हा घरच्यांचा आहे. त्यांच्या हातात द्या," त्या स्वयंपाक्याला म्हणाल्या.

त्याने सुट्टी काढली. "रोज माझ्या हातचं जेवायचा. एकटा कसा जाऊ देऊ?"

मायदेशी विमानतळाच्या मालधक्क्यावर अधिकाऱ्याने शवपेटीवरचा पासपोर्ट नंबर वाचला. उंच झालेल्या मुलीने माझ्यातला नंबर मोठ्याने वाचून पडताळला. एकही आकडा चुकला नाही. घरी तिने बापाचा चेहरा पाहिला. स्वयंपाकी तिला सांगत राहिला, तिच्या गुणपत्रिकेचा फोटो बापाने सगळ्या गोदीला कसा दाखवला होता ते. रडता रडता ती हसली.

आता मी कपाटातल्या फायलीत असतो. पहिल्याच पानावर वेल्डरच्या बायकोने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, परक्या देशात वारलेल्या माणसाला घरी आणायचं तर कोणत्या दाखल्यानंतर कोणता दाखला, कुठे विचारायचं, नाव कुठे चुकू शकतं.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी दूर राहत असेल तर एवढं करा. आम्हां कागदांना जपा, पण आमची जागा एका तरी माणसाला सांगून ठेवा. तुमची माणसं शोधणाऱ्याला आमचाच आधार असतो.

परवा कुणा अनोळखी बाईचा फोन आला. स्वयंपाक्याने नंबर दिला होता. पलीकडून नुसतं रडणं. वेल्डरच्या बायकोने फाईल उघडली आणि मला टेबलावर ठेवलं.

"रडा ताई, सावकाश रडा," ती म्हणाली. "मग कागद-पेन घ्या. मी फोन ठेवत नाही."